ब्रेकचं रबर

नारायणगुड्याचा फ्लायओव्हर उतरताना मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सरळ खाली गेला. पेडल तळाला टेकलं, पण गाडी थांबायचं नाव घेईना. शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. शेजारच्या सीटवर माझी ब्याऐंशी वर्षांची आई, मांडीवर पर्स आणि दोन्ही हातांत काठी धरून बसलेली. समोर उतार संपतो तिथे सिटी बस थांबली होती, आणि तिच्या मागच्या दारातून माणसं उतरत होती.

मी पेडल दोनदा, तीनदा, चारदा मारलं. काही नाही. वडिलांनी गाडी शिकवताना सांगितलेलं डोक्यात नव्हतं, हातात होतं बहुतेक. स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी मी तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढली. इंजिन ओरडलं, आईचं डोकं पुढे गेलं. मग पहिला. हँडब्रेक ओढला तर तो नुसता कुरकुरला. बस आता इतकी जवळ आली होती, की तिच्या मागच्या काचेवरचं स्टिकर वाचता येत होतं. मी गाडी डावीकडे घेतली आणि फुटपाथच्या कडेला चाकं घासत नेली. पत्रा खरडल्याचा आवाज आला, चाकावरची एक चकती सुटून घरंगळत गेली, आणि गाडी थांबली. बसपासून दीड हातावर. बसमधून उतरलेली एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन गाडीच्या बरोबर समोर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग ती निघून गेली.

आई म्हणाली, "हॉर्न का नाही वाजवलास?"

दार उघडून उतरायलाच मला पाच मिनिटं लागली.

ही गाडी वडिलांची. ते इथल्या कोर्टात वकील होते आणि सारी कारकीर्द त्यांनी याच गाडीतून केली. ते गेल्यावर तिचं काय करायचं, हा प्रश्न घरात आला. पण तो आईच्या गुडघ्यांनीच सोडवला. शस्त्रक्रियेनंतर तिला नव्या बुटक्या गाड्यांमध्ये वाकून शिरता येईना आणि उंच गाड्यांमध्ये चढता येईना. या जुन्या गाडीची सीट खुर्चीच्या उंचीची आणि दार रुंद. आई तिच्यात पाठ टेकवून बसते आणि पाय मागाहून आत घेते. त्यामुळे दर शनिवारी कोठी भागात फिजिओथेरपीसाठी तिला मी याच गाडीतून नेत असे. हौस म्हणून जुनी गाडी बाळगणारी मी नव्हे. मला ती लागत होती.

आणि तिचे ब्रेक महिन्याभरापूर्वीच पूर्ण नवे करून घेतले होते. म्हणूनच मला भीतीपेक्षा संताप जास्त आला.

काम केलं होतं उस्तादांनी. नारायणगुड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. वय सत्तरीच्या पुढे, एकटेच काम करतात. वडिलांच्या काळापासून या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. त्यांची भाषा दख्खनी, आम्हीही त्यांच्याशी तीच बोलतो. मला त्यांनी फ्रॉकमध्ये बघितलं आहे.

आईला रिक्षाने घरी पाठवून मी तशीच चालत त्यांच्या गॅरेजवर गेले. तिथे तीन-चार माणसं उभी होती. मी कुणाकडे बघितलं नाही.

"उस्ताद, बिरेक गया! पूरा गया! अम्मा थी गाडी में!"

ते एका स्कूटरवर वाकले होते. हळूच सरळ झाले. "किधर? लगा क्या अम्मा कू?"

"नहीं लगा. लगता तो? आँखों से दिखता नहीं तो काम कैकू लेते आप? नहीं होता बोलके बोल देना था."

उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाने आपल्या स्कूटरकडे बघितलं, मग उस्तादांकडे, आणि मला दिसलं की तो मनात काहीतरी ठरवतोय. उस्तादांनी हात फडक्याला पुसले, शटर अर्धं ओढलं आणि मला म्हणाले, "चलो. गाडी कां है?"

गाडी ओढून आणल्यावर त्यांनी माझ्यासमोरच ब्रेक खोलला. ब्रेकच्या पेडलमागे एक लोखंडी नळकांडं असतं, मास्टर सिलिंडर. पाय दाबला की त्यातलं तेल चारही चाकांकडे ढकललं जातं, आणि ते तेल अडवून धरायला वाटीच्या आकाराची छोटी रबरं असतात. एवढ्याशा रबरावर सगळी गाडी थांबते. उस्तादांनी ती रबरं काढून तळहातावर ठेवली. महिन्यापूर्वी मी ती बघितली होती, घट्ट आणि तकतकीत. आता ती भिजलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती. अंगठ्याने दाबली तर चिकट लागली.

"डुप्लिकेट माल," ते म्हणाले. पण म्हणताना त्यांचा आवाज खात्रीचा नव्हता. त्यांनी एक रबर डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "मेरेकू दिखना था."

सोमवारी दोघांनी मिळून पुतलीबावलीला जायचं ठरलं. कोठीजवळच्या त्या रस्त्यावर सुट्या भागांची दुकानं आहेत, आणि तिथल्याच एका दुकानातून उस्तादांनी त्या रबरांचा किट आणला होता. निघताना मी एक फुगलेलं रबर आणि किटमध्ये उरलेलं एक कोरं रबर मागून घेतलं. का घेतलं, तेव्हा सांगता आलं नसतं. त्या दुकानदारासमोर पुरावा म्हणून आपटायला, असंच मनात असावं.

घरी आले आणि दुपारी आमच्या गाडी नसलेल्या गॅरेजमध्ये उगाच जाऊन उभी राहिले. वडिलांचं फळकूट तसंच आहे. पाना, पक्कड, चिंध्या, आणि एक बिनलेबलाचा पत्र्याचा डबा. तो डबा बघितला आणि मला महिन्याभरातला एक शनिवार आठवला.

दर आठवड्याला बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघायची, ही वडिलांची सवय मी उचलली होती. उस्तादांच्या कामानंतर एका शनिवारी ती बोटभर खाली दिसली. नवीन काम झाल्यावर थोडी उतरते, हे मला माहीत होतं. मी फळकुटावरचा डबा घेतला आणि भर घातली. पातळ, फिकट तेल. ब्रेक ऑइलच असणार, गाडीच्या सामानात होतं ना! त्यानंतर गाडी जड वाटू लागली होती. पुढची चाकं तापत होती, कसलासा वास येत होता. मी ते उन्हावर ढकललं होतं.

डबा घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. तिने डब्याकडे बघितलंही नाही नीट, म्हणाली, "हे कशाला आणलंस आत? माझ्या मशीनचं तेल आहे ते. तुझे वडील सुलतान बाजारातून सुटं आणून त्यात भरून ठेवायचे."

शिवणाचं मशीन.

मी दोन काचेच्या वाट्या घेतल्या. एकीत कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं ब्रेक ऑइल, दुसरीत डब्यातलं तेल. कोरं रबर मधोमध कापलं आणि अर्धं इकडे, अर्धं तिकडे टाकलं. आईने एकदाही विचारलं नाही की काय चाललंय. रविवारी दुपारी मी वाट्या तिच्यासमोर ठेवल्या. ब्रेक ऑइलमधला तुकडा होता तसा होता. मशीनच्या तेलातला तुकडा फुगून वाटीच्या तळाशी वाकडा झाला होता.

आईने चमच्याने तो उलटा केला. "म्हणजे त्या माणसाची चूक नव्हती."

"नव्हती."

"तू त्यांना चारचौघांत बोललीस."

"आई, मी उद्या सांगणारच आहे. गॅरेजवर जाते आणि निवांत—"

"चारचौघांत बोललीस," आई पुन्हा म्हणाली, "तर सांगायचंही चारचौघांत." आणि काठी टेकत उठून गेली.

सोमवारी सकाळी उस्ताद गॅरेजबाहेर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे होते. मी त्यांना अशा शर्टात फक्त वडील गेले तेव्हा बघितलं होतं. रिक्षात मी सांगायला तीनदा तोंड उघडलं. एकदा रिक्षावाल्याने खड्डा घेतला, एकदा त्यांनीच बोलायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा तर मीच वाक्य फिरवलं आणि ऊन किती वाढलंय असं काहीतरी म्हणाले. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. पंचावन्न वर्षांची बाई, नोकरीत शंभर माणसांसमोर बोललेली, आणि एका वाक्यासाठी जीभ उचलत नव्हती.

पुतलीबावलीचं ते दुकान अरुंद आणि खोल. काउंटरवर गिऱ्हाइकांची गर्दी. दुकानदार उस्तादांच्याच वयाचा. त्यांना बघून त्याने चहा सांगितला. उस्तादांनी चहा नको म्हटलं. खिशातून रुमाल काढला, त्यात गुंडाळलेली फुगलेली रबरं काउंटरवर ठेवली.

"चालीस साल से तुम्हारे पास आ रऊं मैं. ये माल दिए मेरेकू?"

दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने रबरं उचलली, वास घेतला, दोन बोटांत चोळली. मग एकदम शांतपणे म्हणाला, "माल खराब नहीं है. तेल गलत पडा है इसमें."

"तेल मैंच डाल्या," उस्ताद म्हणाले. "सीलबंद बाटली."

"फिर देखके नहीं डाले होंगे," दुकानदार फटकन म्हणाला.

काउंटरवरच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या होत्या. उस्तादांनी रबरं एकेक करून पुन्हा रुमालात ठेवायला घेतली. "हो सकता," ते खाली बघत म्हणाले. "बाटली बदल गई होगी. आजकल बराबर दिखता नहीं."

तेव्हा मी बोलले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "तेल मैं डाली. घर में था, सिलाई मशीन का. ब्रेक ऑइल समझके डाली. इनकी गलती नहीं है. आपकी भी नहीं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दुकानदाराने फक्त विचारलं, "कितना डाले?" मी बोटाने दाखवलं. तो म्हणाला, आता वरपासून खालपर्यंत सगळं रबर फेकायचं, नळ्यासुद्धा. आणि या गाडीचा तो किट त्याच्याकडचा शेवटचा होता.

उस्ताद बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले. मी त्यांच्यासमोर रस्त्यात उभी राहिले. गाड्या मागून हॉर्न देत जात होत्या.

"उस्ताद, माफ करो."

ते बराच वेळ रुमालाची गाठ मारत होते. "कल मैं आँखां दिखाके आया," ते म्हणाले. "बेटे कू बोल्या, दुकान बंद कर देता मैं. परसों किसी की माँ मर जाएंगी मेरे हाथ से." मग वर बघितलं. "तुम कब से जानते?"

"कालपासून," मी म्हणाले. मराठीतच निघालं. त्यांना कळलं.

"रिक्शे में बोल सकते थे."

ते उठले, पँट झटकली. "पार्टां तुम ढूंढो. अच्छे लाए तो डालता. खराब लाए तो नक्को." आणि बसस्टॉपच्या दिशेने चालायला लागले. मी मागे गेले नाही.

पुढचे दहा दिवस मी ऑफिसातून लवकर निघून भाग शोधत फिरले. ही गाडी बनायची बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. पुतलीबावलीतल्याच दुसऱ्या एका दुकानात 'ओरिजिनल' म्हणून मिळालेला किट मी उस्तादांकडे नेला. त्यांनी डबीवरचं अक्षर न बघता रबराच्या कडेवरून नख फिरवलं. कडेला बारीक कंगोरे होते. "ये तेल रोकता नहीं," म्हणून परत दिला. राणीगंजला एका म्हाताऱ्या दुकानदाराने कपाटाच्या मागून खरा, कंपनीच्या काळातला किट काढून दिला. पिवळी पडलेली डबी, आत मेणकागद. मी इतकी खूश झाले, की रिक्षातून दोनदा उघडून बघितला. उस्तादांनी त्यातलं रबर चिमटीत दुमडलं आणि ते तडकलं. इतकी वर्षं डबीत पडून ते लाकूड झालं होतं. तिसरा मी फोनवरून दुसऱ्या शहरातून मागवला, तो बरोबर दिसला, पण मापात केसभर लहान निघाला.

प्रत्येक वेळी मी गॅरेजबाहेर उभी राहायचे, ते आत उजेडाकडे तोंड करून तपासायचे, आणि मान हलवायचे. एकही जास्तीचा शब्द नाही. त्यांच्या गॅरेजसमोर आता एकच स्कूटर दिसायची. तो शनिवारचा माणूस परत आला नव्हता. एका संध्याकाळी मी त्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर ओळखलं. जाऊन सांगितलं, की चूक माझी होती. तो जरा चमकून म्हणाला, "ठीक है मॅडम." त्याने पुढे काय केलं मला माहीत नाही.

दरम्यान आई दोन शनिवार रिक्षाने गेली. रिक्षात चढताना तिचा पाय मुरगळला आणि गुडघा सुजला. ती माझ्यावर चिडली नाही, त्यामुळे मला आणखी जड झालं.

शेवटी मार्ग काढला तो त्या पुतलीबावलीच्या दुकानदारानेच. मी तिसऱ्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने मला काउंटरच्या आत स्टुलावर बसवलं. म्हणाला, गाडीच्या नावाने शोधू नका, मापाने शोधा. या मापाचं रबर एका मालवाहू तीनचाकीला आजही लागतं, ताजा माल दर महिन्याला येतो. पण तुमच्या सिलिंडरच्या आत ओरखडे असतील तर नवं रबरही फाटेल, आतून नवी नळी बसवावी लागेल. ते माप घेणं तुमचं काम नाही. "उस्ताद कू भेजो."

"ते येणार नाहीत," मी म्हणाले.

त्याने फोन उचलला. मला फक्त त्याचीच बाजू ऐकू येत होती. "हौ... हौ, मैं भी बोल दिया गुस्से में... अरे तो आओ ना." अर्ध्या तासाने उस्ताद आले. हातात मापाचा काटा, खिशात भिंग. दोघांनी माझ्याकडे न बघता काउंटरवर डोकी एकत्र केली. या वेळी उस्तादांनी चहा घेतला.

राणीगंजच्या एका लेथवाल्याने सिलिंडर आतून घासून त्यात पितळेची नळी बसवली. उस्तादांनी नवी रबरं बसवण्याआधी बरणीत ब्रेक ऑइल घालून तीन दिवस बुडवून ठेवली. बरणी त्यांनी माझ्या हातात दिली. "घर पे रखो. रोज देखो." मी रोज बघितलं. फार वेळा बघितलं. चौथ्या दिवशी त्यांनी काटा लावून मोजलं आणि पहिल्यांदाच "हौ" म्हणाले. मग नळ्या बदलल्या, चारी चाकं खोलली, जुनं तेल दोनदा धुऊन काढलं. पेडल मारायला त्यांनी मला बसवलं. ते गाडीखालून "दबाओ" म्हणायचे, मी दाबायचे. "छोडो," मी सोडायचे. दुपारभर आमच्यात तेवढंच संभाषण झालं.

गाडी बाहेर काढायची ती रविवारी सकाळी सात वाजता, रस्ते मोकळे असताना. मी चालवणार, ते शेजारी. गल्लीत त्यांनी दहादा थांबवलं. मग मुख्य रस्त्यावर. मग म्हणाले, "पुल."

चढावर माझे तळहात घामाने स्टिअरिंगवरून सटकत होते. उतार सुरू झाला. त्यांनी काही न सांगता पुढे बोट केलं: अजून, अजून. गाडीने वेग घेतला. बसस्टॉप दिसायला लागला, तिथे दोन माणसं उभी होती.

"मारो!"

माझा पाय क्षणभर हललाच नाही. मग दाबला. पेडल अर्ध्यावर घट्ट झालं, गाडीने नाक खाली घातलं, आणि आम्ही सरळ रेषेत उभे राहिलो. मागून एक दुधाची गाडी शिव्या घालत वळसा घेऊन गेली.

उस्ताद खाली उतरले. चारही चाकांपाशी वाकून त्यांनी तळहात टेकवून बघितला, एकापाठोपाठ एक, घाई न करता. चारही सारखीच कोमट होती. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "अम्मा कू बिठाओ अब." आणि तिथूनच घरी चालत गेले.

पुढच्या शनिवारी आईला घेऊन निघाले. ती नेहमीसारखी आधी बसली, मग पाय आत घेतले, आणि पदर सारखा करत म्हणाली, "चल." मी पुलावरून न जाता खालच्या रस्त्याने गेले. अजूनही तसंच जाते. पुढच्या बसपासून मी इतकं अंतर ठेवते, की मधल्या जागेत दोन रिक्षा शिरतात आणि मागचे सगळे हॉर्न वाजवतात. आईला आता ऐकायला कमी येतं. तिला वाटतं, रस्ता फार शांत झालाय.